आयोडीनच्या डोसनंतर थायरॉक्सिन सुरू झाले, पण टीएसएच अजूनही कमीच: गोळी कमी करावी की वाढवावी?

खडूफळा (प्रश्न, १४ जून)

नमस्कार. मी अकोला जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वय ३९. अडीच वर्षांपूर्वी मला ग्रेव्हज आजार, म्हणजे थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करण्याचा आजार, असल्याचे निदान झाले. त्या काळात फळ्यावर लिहिताना हात इतका थरथरत असे की बरोबरचे चिन्हसुद्धा सरळ निघत नसे. भर डिसेंबरात मी पंखा लावून झोपत असे आणि दुप्पट जेवूनही वजन ५८ किलोवरून ४९ वर आले होते. दीड वर्ष कार्बिमाझोल, म्हणजे ग्रंथीचे काम दाबणारे औषध, घेतले. ते थांबवल्यावर चार महिन्यांतच आजार उलटला, म्हणून या फेब्रुवारीत नागपूरला जाऊन रेडिओआयोडीनचा, म्हणजे ग्रंथी निकामी करणाऱ्या किरणोत्सर्गी आयोडीनचा, डोस घेतला. कॅप्सूल गिळायला एक मिनिट लागले, पण त्यानंतरचे दिवस सहा वर्षांच्या मुलीला जवळ घेता आले नाही आणि ती दाराच्या उंबऱ्यावर बसून माझ्याशी बोलत राहिली, ते अधिक कठीण गेले.

डोसनंतर नऊ आठवड्यांनी तपासणी केली. फ्री टी-फोर, म्हणजे ग्रंथी बनवते त्या थायरॉक्सिनची रक्तातील पातळी, ०.५ आले (प्रयोगशाळेची सामान्य मर्यादा ०.८ ते १.८) आणि टीएसएच, म्हणजे ग्रंथीला काम करायला सांगणारे मेंदूकडचे संप्रेरक, ०.०२. नागपूरच्या ग्रंथितज्ज्ञांनी कार्बिमाझोल लागणारच नाही असे सांगून थायरॉक्सिनची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त दिले, तेव्हा फ्री टी-फोर १.० आणि टीएसएच ०.०४ आले. नागपूरची पुढची वेळ जुलैची असल्यामुळे मी तो अहवाल गावातील आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी टीएसएच पाहून सांगितले की ते इतके कमी आहे याचा अर्थ गोळी जास्त होत आहे, आणि ती २५ वर आणावी. त्यांच्यावर आमच्या घराचा वीस वर्षांचा विश्वास आहे, म्हणून मी तसे केले.

आता दोन आठवडे झाले आहेत. पहाटे पोटऱ्यांत असे गोळे येतात की उठून भिंतीला धरून उभे राहावे लागते, आवाज घोगरा झाला आहे, शौचाला साफ होत नाही आणि बाहेर ४२ अंश असताना मी कूलरसमोर बसू शकत नाही. वजन ६४ किलो झाले आहे. पूर्वी कोपरापर्यंत सरकणाऱ्या काचेच्या बांगड्या आता मनगटातून निघत नाहीत, आणि केस तर मुठीने गळतात.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. टीएसएच कमी असताना माझी लक्षणे मात्र ग्रंथी मंद झाल्यासारखी का आहेत, आणि यातील कोणाचे ऐकावे? दुसरे असे की, ७५ ची गोळी चालू असतानाही मला पूर्वीसारखे वाटत नव्हते; अंगात कोणीतरी ओली वाळू भरल्यासारखे जडपण होते. जूनच्या अखेरीस शाळा सुरू होईल आणि सहा तास उभे राहून शिकवायचे आहे, याची मला आताच धास्ती वाटते.

जुना_मास्तर

ताई, मी एका वैद्यकीय महाविद्यालयात तीस वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे. मी आपला डॉक्टर नाही, त्यामुळे गोळी किती घ्यावी हे मी सांगणार नाही, परंतु आपल्या अहवालातील कोडे सोडवून दाखवता येईल असे वाटते.

घराच्या गच्चीवरील टाकीत पाण्यावर तरंगणारा गोळा असतो. पाणी उतरले की तो खाली येतो आणि नळ उघडतो, टाकी भरली की वर जाऊन नळ बंद करतो. आपल्या मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी हे काम करते. रक्तातील थायरॉक्सिन कमी झाले की ती टीएसएच वाढवते, जास्त झाले की कमी करते. आता अशी कल्पना करा की टाकी दोन वर्षे सतत ओसंडून वाहत होती आणि गोळा वरच्या वर अडकून गंजला. नंतर पाणी तळाला गेले तरी तो गोळा काही काळ वरच राहतो आणि टाकी भरलेली आहे असेच सांगत राहतो. ग्रेव्हज आजारात दीर्घकाळ दबलेली पीयूषिका अशीच वागते. उपचारानंतर थायरॉक्सिन सामान्य झाले, किंवा सामान्याच्याही खाली गेले, तरी टीएसएच वर यायला कित्येक आठवडे, काही जणांत तर कित्येक महिने लागतात. म्हणून रेडिओआयोडीननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत केवळ टीएसएचवर निर्णय घेत नाहीत. फ्री टी-फोर आणि रुग्णाची लक्षणे पाहतात. आपला एप्रिलचा अहवाल ०.५ आणि ०.०२ असा आहे, म्हणजे पाणी तळाला आणि गोळा वर. नागपूरच्या डॉक्टरांनी तो अचूक वाचला.

आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनाही मी फार दोष देणार नाही. त्यांच्याकडे येणारे थायरॉईडचे बहुतेक रुग्ण मुळात मंद ग्रंथीचे असतात, आणि त्यांच्यात टीएसएच पाहून गोळी ठरवणे योग्यच असते. आपला रस्ता उलट बाजूने आलेला आहे, इतकाच फरक.

तरी जुलैपर्यंत थांबू नका. नागपूरला आजच फोन करून गोळी २५ वर आणल्याचे आणि पोटऱ्यांत गोळे येत असल्याचे सांगा. थायरॉक्सिनचा अर्धायुष्यकाळ, म्हणजे शरीरातील त्याचे प्रमाण निम्मे व्हायला लागणारा काळ, सुमारे सात दिवसांचा आहे. त्यामुळे मात्रा बदलल्याचा पूर्ण परिणाम दिसायला पाच ते सहा आठवडे लागतात, आणि आपण आज जे भोगत आहात तो गोळी कमी केल्याचा पूर्ण परिणाम नव्हे, त्रास अजून वाढू शकतो.

एक विषयांतर करतो, मास्तरकीची खोड आहे. १८९१ पूर्वी या मंदपणावर खात्रीचा उपाय नव्हता. त्या वर्षी इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरने एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती बाई त्यानंतर २८ वर्षे जगली, आणि तेवढ्या काळात शेकडो मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्या कामी आल्या. आपली डबी त्या मानाने फार सोयीची आहे.

आता माझेच काही प्रश्न. गोळी किती वाजता घेता? त्यानंतर चहा किती वेळाने? कॅल्शियम, लोह किंवा पित्ताची गोळी चालू आहे का? आणि केसांसाठी काही घेता का? हा शेवटचा प्रश्न मी उगीच विचारत नाही.

खडूफळा

सर, आपले उदाहरण वाचून पहिल्यांदा अहवालाचा अर्थ लागला. नागपूरला फोन केला. त्यांनी लगेच ७५ वर परत यायला आणि सहा आठवड्यांनी दोन्ही तपासण्या करायला सांगितले आहे.

आपल्या प्रश्नांची उत्तरे देताना थोडा संकोच वाटतो. सकाळच्या शाळेमुळे सवय अशी लागली की साडेपाचला गोळी आणि पावणेसहाला दुधाचा चहा, कारण चहा झाल्याशिवाय डबे होत नाहीत. साडेआठच्या सुमारास पोळीबरोबर कॅल्शियम आणि लोहाची एकच गोळी घेते. केसांसाठी मार्चपासून एक जीवनसत्त्वाची गोळी चालू आहे. शेजारच्या वहिनींनी सुचवली होती. पाकिटावर बायोटिन १० मिलिग्रॅम असे लिहिले आहे. ही गोळी कोणत्याही डॉक्टरांना सांगावी असे मला कधी वाटलेच नाही.

जुना_मास्तर

हीच शंका होती. बायोटिन थायरॉईडवर परिणाम करत नाही, ते प्रयोगशाळेच्या यंत्राला फसवते. अनेक ठिकाणी रक्त तपासण्याच्या रसायनांत बायोटिनचाच उपयोग केलेला असतो. आपल्या रक्तात ते भरपूर असेल तर टीएसएच खोटे कमी आणि फ्री टी-फोर खोटे जास्त दिसू शकते. प्रत्येक प्रयोगशाळेची पद्धत तशी नसते, पण आपल्या बाबतीत तशी असेल तर १.० हा आकडासुद्धा प्रत्यक्षात त्याहून कमी असण्याची शक्यता आहे. रक्त देण्यापूर्वी ते निदान दोन दिवस बंद ठेवतात. आपण तर तूर्त ते पूर्ण बंद करून नागपूरला कळवावे. केस गळण्याचे कारण थायरॉक्सिनची बिघडलेली पातळी हे आहे, ती स्थिर झाल्यावर काही महिन्यांनी गळणे कमी होते.

कॅल्शियम आणि लोह या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणानंतर घेतलेत तर प्रश्न मिटतो. चहासाठी किमान अर्धा तास, जमल्यास तासभर थांबावे. ज्या दिवशी रक्त द्यायचे, त्या दिवशी गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी, कारण गोळीनंतरच्या काही तासांत फ्री टी-फोर थोडे चढलेले दिसते.

निसर्गप्रेमी_७१

ताई, आपण या गोळ्यांच्या मागे लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एकदा सुरू झाली की ही गोळी जन्मभर सुटत नाही. माझ्या भाचीने कांचनार गुग्गुळ आणि धण्याचे पाणी घेऊन थायरॉईड पूर्ण बरा केला. कोबी, फ्लॉवर आणि आयोडीनयुक्त मीठ बंद करावे, ग्रंथी आपोआप जागी होईल.

कोळशाच्या_गावचा

निसर्गप्रेमी साहेब, आपल्या भाचीची ग्रंथी जागेवर होती. या ताईंची ग्रंथी डॉक्टरांनी जाणूनबुजून आयोडीन-१३१ देऊन निकामी केली आहे. जी उरलीच नाही ती जागी कशी व्हावी? आणि कोबी-फ्लॉवरचा दोष असलाच तर तो चालू ग्रंथीच्या कामात अडथळा आणण्याचा. इथे तेही भय उरलेले नाही. ताईंनी खुशाल कोबीची भाजी करावी आणि घरात सर्वांसाठी जे मीठ आहे तेच वापरावे. गोळी जन्मभराची आहे हे खरे, परंतु ती बाहेरची वस्तू नाही. जे संप्रेरक ग्रंथी बनवत होती, तेच त्या डबीत आहे.

आता माझे स्वतःचे. मी चंद्रपूरचा, वय ६३. २००८ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हाच डोस घेतला. तेव्हापासून गोळी घेतो आहे, आणि तिच्याशी वागताना दोन मूर्खपणे केले आहेत, ते सांगतो.

पहिला मूर्खपणा असा की जडपण जाईना म्हणून मी मनानेच १०० ची गोळी १५० केली. पंधरा दिवसांत खरोखर तरतरी आली, पहाटे चारला उठून अंगण झाडू लागलो आणि वाटले की आजवर डॉक्टरांनी मला उपाशीच ठेवले होते. ती तरतरी म्हणजे जुनाच आजार होता, फक्त या वेळी तो डबीतून येत होता. आठ महिन्यांनी छातीत धडधड सुरू झाली, नाडी बेताल पडू लागली आणि दोन रात्री रुग्णालयात काढाव्या लागल्या. जास्तीचे थायरॉक्सिन हृदयाचा ठोका बिघडवते आणि हाडे ठिसूळ करते, हे तिथे कळले. ताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर यातच आहे. आपले शरीर दोन वर्षे चौथ्या गिअरमध्ये पळाले आहे. त्याला तेच प्रमाण वाटू लागले आहे. सामान्य पातळीवर आल्यावरही काही महिने ते सुस्तीसारखेच भासते. भूकही जुनी राहते. आजारात मी सहा पोळ्या खायचो आणि तरी झिजायचो. ग्रंथी थंडावल्यावर पोळ्या मात्र सहाच राहिल्या. माझे ११ किलो वजन असे वाढले, आणि ते मी गोळीच्या नावावर खपवत राहिलो.

दुसरा मूर्खपणा साधा आहे. डबी स्वयंपाकघरात, शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवत असे. आमच्याकडे मे महिन्यात ४६-४७ अंश होते. त्या फळीवर किती होत असेल ते सांगायला नको. डबीवर बारीक अक्षरांत २५ अंशांखाली, कोरड्या जागी, उजेडापासून दूर ठेवावी असे छापलेले असते. दोन उन्हाळे माझा टीएसएच विनाकारण वाढला आणि मात्रा बदलत राहिली. त्याचे कारण तीच फळी असे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण डबी आतल्या खोलीच्या कपाटात हलवली, तेव्हापासून तो प्रकार झालेला नाही. गोळ्या मूळ डबीतच ठेवा आणि तिच्यातली ओलावा शोषणारी पुडी फेकून देऊ नका. शक्यतो एकाच कंपनीची गोळी घेत राहा. दुकानदाराने बदलून दिलीच तर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासून पाहा.

नेकारकाठची

मी मूळची साताऱ्याची, सध्या जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते. इथे या आजाराला ग्रेव्हज म्हटले तर शेजाऱ्यांना कळत नाही, ते त्याला बाझेडो म्हणतात. आयर्लंडच्या ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये तो वर्णिला आणि जर्मनीच्या बाझेडो यांनी १८४० मध्ये, म्हणून दोन देशांत दोन नावे. माझी ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली आहे, त्यामुळे वाट थोडी वेगळी, पण डबी तीच.

वर कोणी बोलले नाही अशा दोन गोष्टी सांगते. पहिली डोळ्यांची. ग्रेव्हज आजार ग्रंथीचा दिसतो, पण मुळात तो प्रतिकारशक्तीचा आहे. ग्रंथी गेली तरी तिला चेतवणारी प्रतिपिंडे, म्हणजे प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रथिने, रक्तात काही काळ राहतात. रेडिओआयोडीननंतर, विशेषतः थायरॉक्सिन कमी पडू दिले तर, डोळ्यांची सूज वाढू शकते. डोळ्यांत खडे टोचल्यासारखे वाटणे, सकाळी पापण्या सुजणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे यांतील काही असेल तर ते थकव्याच्या खात्यात टाकू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर तेही बंद व्हायला हवे, कारण धूर या डोळ्यांचा मोठा शत्रू आहे.

दुसरी गोष्ट ताईंना लागू नसेलही, पण हा धागा तरुण मुली वाचतील म्हणून लिहिते. रेडिओआयोडीननंतर किमान सहा महिने गर्भधारणा टाळायची असते. पुढे दिवस राहिले तर ते कळताच गोळीची मात्रा वाढवावी लागते, साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्याने, आणि ती डॉक्टरांना विचारून त्याच आठवड्यात. शिवाय ती प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत जातात, म्हणून आईचा टीएसएच उत्तम असला तरी त्यांची वेगळी तपासणी करतात. माझ्या सुईणीला मी ग्रंथी काढली आहे म्हटल्यावर तिने विषय संपला असे धरले होते. मीच आग्रह धरून तपासणी करून घेतली. आकडा कमी निघाला आणि मुलगा ठणठणीत आहे, पण विचारायला हवेच होते.

आणि चहाबद्दल. सकाळी तासभर थांबणे जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी रात्री झोपताना घेता येते, मात्र जेवण होऊन तीन तास झालेले हवेत. २०१० साली नेदरलँड्समध्ये झालेल्या एका चाचणीत रात्रीच्या गोळीने टीएसएच अधिक चांगला खाली आला होता. मला ते जमले नाही, कारण आमच्याकडे जेवणे उशिरा होतात. ज्यांच्याकडे सातला पाने वाढतात त्यांना नक्की जमेल.

खडूफळा (२८ सप्टेंबर)

सर्वांचे आभार मानायला उशीर झाला. पुढे काय झाले ते आकड्यांसह लिहिते, कारण मला असेच कोणाचे तरी आकडे शोधूनही सापडत नव्हते.

केसांची गोळी जूनमध्येच बंद केली, कॅल्शियम-लोह रात्रीच्या जेवणानंतर गेले आणि गजर पाचचा लावून गोळीची वेळ अर्धा तास अलीकडे आणली. रात्रीचा पर्याय डॉक्टरांनी चालेल म्हटले होते, पण वह्या तपासता तपासता जेवण कधी नऊला तर कधी दहाला होते. जुलैच्या अखेरीस, ७५ वर सहा आठवडे झाल्यावर, फ्री टी-फोर ०.९ आणि टीएसएच ९.६ आले. जुना मास्तर सर, आपला गंजलेला गोळा सुटला! तो आकडा पाहून मी आनंदाने हसले, तेव्हा अहवाल देणाऱ्या मुलाला वाटले की मला तो वाचता येत नाही. त्याने काळजीने सांगितले की बाई, हा वाढलेला आहे.

मात्रा १०० झाली. तीन दिवसांपूर्वीचा अहवाल फ्री टी-फोर १.३ आणि टीएसएच २.४ असा आहे. दोन्ही अहवाल घेऊन मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडेही गेले. त्यांनी ते शांतपणे वाचले, एप्रिलचा कागद पुन्हा मागून घेतला आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला.

पोटऱ्यांतले गोळे गेले, आवाज परत आला. चौथा तास संपेपर्यंत उभी राहू शकते, पाचव्याला खुर्ची लागते. जूनमध्ये दुसऱ्यालाच लागत होती. वजन ६२ आहे, आणि त्यातील बराचसा भाग पोळ्यांचाच आहे हे चंद्रपूरच्या काकांचे म्हणणे मी मान्य केले आहे. एकदा गोळी घ्यायची राहून गेली आणि दुपारी दोनला आठवली, तेव्हा फोन करून विचारले. दुपारच्या जेवणाला तीन-चार तास झाल्यावर त्याच दिवशी घेतली तरी चालेल असे सांगण्यात आले. तेव्हापासून भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोजच्या चौकोनात बारीक खूण करते, आणि मुलगी झोपेतून उठली की आधी ती खूण तपासते.

केस अजून गळतात. विंचरल्यावर फणीत मुठीएवढा गुंता येत असे, तो आता अंगठ्याएवढा येतो. पुढची तपासणी मार्चमध्ये आहे.